डाळिंबाचा ज्यूस सुरू केला तर गोळी बंद करता येईल का?

"डॉक्टर, रोज सकाळी डाळिंबाचा ज्यूस घेतला तर बीपीची गोळी बंद करता येईल का?" नामपुरात हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो. बागांची तोडणी सुरू झाली की जरा जास्तच. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एखादा व्हिडिओ असतो, त्यात लालभडक ज्यूसचा ग्लास असतो आणि 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द चार-पाच वेळा येतो. विचारणारे तरी बरे. काही जण न विचारताच गोळी बंद करतात आणि दोन महिन्यांनी डोकं जड झालं, चक्कर आली म्हणून येतात. तेव्हा वरचा आकडा १८० च्या पुढे असतो आणि फ्रीजमध्ये ज्यूसची बाटली असते.

आधीच सांगतो, मी डाळिंबाच्या विरोधात नाही. बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण या आपल्या पट्ट्यातल्या कित्येक घरांचा संसार डाळिंबावर उभा राहिला. तेल्या आणि मर रोगाने त्यातल्या किती बागा उपटाव्या लागल्या, तेही सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या फळाने घर चालवलं त्याबद्दल घरात जिव्हाळा असणारच. माझा आक्षेप फळावर नाही. फळ वेगळं, त्याचा ग्लासभर ज्यूस वेगळा आणि औषध वेगळं. या तिन्हींची गल्लत झाली की नुकसान होतं, आणि ते बहुधा त्याच माणसांचं होतं ज्यांना आधीच शुगर, बीपी, किडनीचा त्रास किंवा रक्त कमी आहे.

आता हे अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय ते बघू. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, डब्यातलं तेल जुनं झालं की खवट होतं. हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या रासायनिक क्रियेचा तो परिणाम. आपल्या शरीरातही अन्नातून ऊर्जा तयार होताना काही अर्धवट, चंचल रेणू तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते शेजारच्या पेशीला इजा करू शकतात. ही इजा रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. म्हातारपण याच फ्री रॅडिकलमुळे येत असावं, अशी कल्पना डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली. कल्पना सोपी होती आणि पटण्यासारखी होती. मग फ्री रॅडिकल वाईट, अँटिऑक्सिडंट चांगलं, म्हणून जितकं जास्त तितकं उत्तम, असा हिशोब लोकांनी आणि कंपन्यांनी मांडून टाकला.

शरीराचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच चंचल रेणू मुद्दाम तयार करतात. व्यायाम केल्यावर स्नायूंत ते वाढतात आणि त्यांच्यामुळेच स्नायूंना 'आता तयारीला लागा' असा निरोप मिळतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये तरुणांच्या दोन गटांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. एका गटाला सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामामुळे इन्सुलिनचं काम सुधारतं, तो फायदा गोळ्या घेणाऱ्यांना मिळाला नाही. शिवाय शरीराकडे स्वतःची अँटिऑक्सिडंट व्यवस्था असतेच. ग्लुटाथायोन आहे, कॅटालेझसारखी एन्झाइम्स आहेत, आणि ज्याला आपण नुसतीच नावं ठेवतो ते रक्तातलं युरिक ॲसिडही त्यातलंच आहे.

याहून मोठा धक्का त्याआधीच बसला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच एक मोठा अभ्यास, त्यात अ जीवनसत्त्वही होतं, १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण तिथेही कॅन्सर आणि मृत्यू दोन्ही वाढलेले दिसले. याचा अर्थ गाजर खाऊ नका असा नाही. गाजर, पालेभाज्या, फळं खाणारी माणसं निरोगी राहतात हे आजही खरं आहे. पण त्यांच्या निरोगीपणाचं श्रेय उचलून एका पदार्थाला दिलं आणि तो पदार्थ गोळीत भरला, तर फायदा गोळीबरोबर येत नाही.

व्हिडिओत कधीकधी 'अमुक फळात तमुक इतके अँटिऑक्सिडंट युनिट' असा आकडा सांगतात. तो परीक्षानळीतला आकडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा मोठा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. कंपन्या तो जाहिरातीसाठी वापरू लागल्या आणि माणसाच्या शरीरात त्या आकड्यांचा काही उपयोग दिसत नाही, म्हणून २०१२ मध्ये खात्याने तो काढून टाकला. आपल्याकडच्या व्हिडिओंत तो अजून फिरतो आहे.

आता खास डाळिंबाकडे येऊ, कारण डाळिंबावर खरोखर अभ्यास झाले आहेत आणि ते झटकून टाकणं योग्य नाही. इस्रायलमधले प्राध्यापक मायकल अविराम यांनी २००४ मध्ये मानेतल्या रक्तवाहिन्यांत चरबी साठलेल्या १० रुग्णांना रोज ५० मिली ज्यूस दिला. वर्षभरात त्या थराची जाडी ३० टक्क्यांपर्यंत कमी झाली असं त्यांनी लिहिलं. हा आकडा जगभर गेला आणि आजही तुमच्या मोबाइलवर येतो तो बहुतेक हाच. पण माणसं १०. पुढे अमेरिकेत २८९ जणांवर, दीड वर्ष, रोज २४० मिली ज्यूस देऊन आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण डाळिंब नसलेलं पेय देऊन अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला. दोन गटांत एकूण पाहता फरक नव्हता. काही ठरावीक रुग्णांत थोडा फायदा असू शकेल, एवढंच संशोधकांना म्हणता आलं. हा दुसरा अभ्यास तुमच्या मोबाइलवर कधीच येत नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचंही असंच झालं. २००६ मध्ये ४६ रुग्णांवरच्या अभ्यासात रोज एक ग्लास ज्यूसने पीएसए वाढण्याचा वेग बराच मंदावला. त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. तुलनेचा गट घेऊन पुढे अभ्यास केला तेव्हा तो फरक टिकला नाही.

बीपीचं काय? तिथे मात्र थोडं काही आहे. छोट्या छोट्या अभ्यासांची बेरीज केली तर डाळिंबाच्या ज्यूसने वरचा आकडा साधारण ५ ने उतरतो असं दिसतं. म्हणजे १६० चा १५५. बीपीची एक साधी गोळी साधारण ९ ने उतरवते, आणि अनेकांना दोन गोळ्या लागतात. रोजचं मीठ चार-साडेचार ग्रॅमने कमी केलं तरी बीपी असलेल्यांचा आकडा ५ च्या आसपास उतरतो, आणि त्याला एक रुपया लागत नाही. पण लोणचं, पापड आणि ठेच्यातलं मीठ कमी करा हे कोणाला आवडत नाही. ज्यूस प्या हे सगळ्यांना आवडतं.

या ज्यूसची एक कोर्टकथाही आहे. अमेरिकेत पॉम वंडरफुल नावाची कंपनी डाळिंबाचा ज्यूस विकते. स्वतःच्या बागा, स्वतःचा कारखाना आणि संशोधनावर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च. त्यांच्या एका जाहिरातीत बाटलीच्या मानेला फास लावला होता आणि मृत्यूला चकवा देण्याची भाषा होती. हृदयविकार, प्रोस्टेटचा कॅन्सर यांवर हा ज्यूस उपयोगी असल्याचं या जाहिराती सुचवत. तिथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने २०१० मध्ये तक्रार दाखल केली आणि २०१३ मध्ये कंपनीच्या ३६ जाहिराती खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने ते मान्य केलं, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला. रोगावर उपयोग होतो असं म्हणायचं असेल तर निदान एक चांगला, तुलनेचा गट असलेला अभ्यास दाखवा, असं कोर्टाचं म्हणणं. एवढा पैसा ओतूनही तो दाखवता आला नाही.

गंमत म्हणजे त्याच कंपनीने कोका-कोलावर दावा लावला होता. कोका-कोलाच्या एका बाटलीवर डाळिंब आणि ब्लूबेरीचं नाव मोठं, आणि आत डाळिंबाचा ज्यूस ०.३ टक्के. बाकी बहुतेक सफरचंद आणि द्राक्षांचा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा दावा चालवता येईल असं सांगितलं. बाटलीवरचं चित्र आणि बाटलीतलं पेय यांत किती अंतर असू शकतं, ते यातून कळतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बाटली घेतो, आम्ही तर आपल्या बागेतली डाळिंबं मिक्सरला लावतो. तिथेही एक मेख आहे. डाळिंबातले सर्वांत जोरदार घटक, प्युनिकॅलॅजिन वगैरे, मुख्यतः सालीत आणि आतल्या पांढऱ्या पडद्यात असतात. कारखान्यात अख्खं फळ दाबून रस काढतात म्हणून ते त्यात उतरतात. अशा रसाची अँटिऑक्सिडंट ताकद नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा बरीच जास्त भरते, हे २००० मध्येच मोजलं गेलं आहे. म्हणजे अभ्यासातला ज्यूस आणि तुमच्या मिक्सरमधला ज्यूस एकच नव्हे. म्हणून सालीसकट मिक्सरला लावू नका. ते कडू-तुरट तर होतंच, शिवाय सालीवर किती फवारण्या झाल्या आहेत ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. शिवाय हे प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं दुसऱ्याच पदार्थांत रूपांतर करतात, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. एकाच बाटलीतला ज्यूस नवरा-बायको दोघं प्यायले तरी दोघांच्या शरीरात पोहोचणारी गोष्ट वेगळी असू शकते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या शरीरात सारखीच पोहोचते. ती म्हणजे साखर.

१०० ग्रॅम दाण्यांत साधारण १३ ते १४ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम चोथा म्हणजे फायबर असतं. ज्यूस काढून गाळला की साखर जवळपास तेवढीच राहते आणि फायबर जवळजवळ शून्य होतं. २५० मिलीच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे सहा-सात चमचे. तेवढ्याच कोलात ती २६-२७ ग्रॅम असते. ही तुलना वाचून अनेकांना राग येतो. ज्यूसमध्ये पोटॅशियम आहे, थोडं क जीवनसत्त्व आहे, कोलात काहीच नाही, हे मला मान्य. पण तुमच्या स्वादुपिंडाला ती साखर बागेतून आली की कारखान्यातून, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात ज्यूसमधली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरली आहे, आणि ती सगळी मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम असं म्हटलं आहे. एका ग्लासातच ती मर्यादा ओलांडली जाते. फळातली साखर त्यांनी त्या खात्यात धरलेली नाही.

फळ आणि ज्यूस यांत एवढा फरक का, यावर इंग्लंडमधला १९७७ चा एक प्रयोग मला फार आवडतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याच माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा गर आणि एकदा त्यांचा रस दिला. साखर तिन्ही वेळा तेवढीच. सफरचंदं खायला साधारण १७ मिनिटं लागली, गराला सहा, आणि रस दीड मिनिटात संपला. रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त वाढलं, नंतर रक्तातली साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली घसरली आणि भूक लवकर लागली. डाळिंबाचे दाणे सोलायला, चावायला जो वेळ लागतो, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, तोच वेळ तुमचं रक्षण करत असतो. एका ग्लासाला अडीच-तीन डाळिंबं लागतात. एका बैठकीत तीन डाळिंबं सोलून खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हार्वर्डच्या संशोधकांनी १,८७,३८२ परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची अनेक वर्षांची नोंद तपासून २०१३ मध्ये लिहिलं की अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं खाणाऱ्यांत मधुमेह कमी होता, तर फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत थोडा जास्त. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा सल्लाही रसापेक्षा अख्खं फळ खा असाच आहे. तेव्हा शुगरच्या रुग्णांनो, डाळिंब खा. अर्धं डाळिंब, दुपारच्या जेवणाआधी किंवा चारच्या सुमारास, चावून. ज्यूस नको, आणि 'साखर घातलेली नाही' म्हणून तर मुळीच नको.

आता रक्तवाढीकडे येतो. या लेखातली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट हीच आहे. डाळिंब लाल, बीट लाल, रक्तही लाल. म्हणून डाळिंबाने रक्त वाढतं, असं आपल्याकडे घराघरात मानलं जातं. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा आहे. त्याचा लोहाशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम दाण्यांत लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम, ज्यूसमध्ये त्याहूनही कमी. प्रौढ बाईची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं लोह डाळिंबातून घ्यायचं तर रोज २० किलो दाणे लागतील. ज्या बाजरीच्या भाकरीकडे आपण गरिबाचं खाणं म्हणून पाहायला लागलो, त्या बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, डाळिंबाच्या वीसपट.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी आढळलं. आपल्याकडे सासरची माणसं सून गरोदर राहिली की प्रेमाने डाळिंबं आणतात, ज्यूस करून देतात, आणि तिने गोळीने मळमळतं म्हटलं की 'राहू दे गोळी, ज्यूस चालू आहे ना' असं म्हणतात. प्रेम खरं असतं. पण सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ७ वर असतं आणि बाळंतपणात झालेला थोडा रक्तस्रावही त्या बाईच्या जिवावर बेतू शकतो. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर झोपताना घ्या. शौच काळी होईल, घाबरू नका. पोट साफ होत नसेल तर आम्हाला सांगा, गोळी बदलता येते, सलाइनमधून लोह देता येतं. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा, आणि जेवणात लिंबू पिळा. डाळिंबही खाऊ द्या तिला, फळ म्हणून. शंभर रुपयांचं डाळिंब आणण्याआधी फुकट मिळणारी लाल गोळी पोटात जाते आहे ना, एवढं सासूबाईंनी पाहावं.

किडनीच्या रुग्णांसाठी वेगळं लिहितो, कारण इथे धोका दिसत नाही आणि तो अचानक समोर येतो. डाळिंबाच्या एका ग्लासात पाचशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. निरोगी किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते साठत जातं. अशा अनेक रुग्णांना दिवसभरात दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपासच पोटॅशियम घ्यायला सांगितलेलं असतं, आणि सकाळच्या एका ग्लासातच त्याचा चौथा हिस्सा संपतो. वर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, आणि ती आपल्याकडच्या बीपी-हृदयाच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना असते, तर पोटॅशियम आणखी वाढतं. त्याचा त्रास आधी जाणवतोच असं नाही. कधी पाय लुळे पडल्यासारखे वाटतात, कधी थेट हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याच्या पाण्याचंही हेच आहे; 'शहाळं थंड असतं' म्हणून किडनीच्या रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा दोन शहाळी घेऊन येतो.

इथे कोणीतरी मला इस्रायलचा तो अभ्यास दाखवेल, ज्यात डायलिसिसच्या रुग्णांना वर्षभर डाळिंबाचा ज्यूस दिला आणि फायदा दिसला. अभ्यास खरा आहे. पण तो आठवड्यातून तीनदा १०० मिली, डायलिसिसच्या वेळी म्हणजे मशीन पोटॅशियम काढत असताना दिलेला ज्यूस होता. घरी रोज ग्लासभर घेण्याची परवानगी म्हणून तो दाखवू नका. तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियमची तपासणी करून घ्या आणि मग विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा असिट्रोम गोळी चालू असणाऱ्यांनीही रोजचा ज्यूस नव्याने सुरू करण्याआधी सांगावं, म्हणजे आयएनआर लवकर तपासता येईल.

आणखी एक बाटली आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे, ती म्हणजे नोनीची. नोनी म्हणजे आपली बारतोंडी. ती दुकानातून येत नाही, ओळखीच्या माणसाकडून येते. साखळी पद्धतीने विकणारा बहुधा मेहुणा, शिक्षक किंवा शेजारी असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. शुगर, संधिवात, कॅन्सर सगळ्यावर चालते असं सांगतात. असे दावे केल्याबद्दल हा ज्यूस विकणाऱ्या मूळ अमेरिकन कंपनीला १९९८ मध्येच तिथल्या काही राज्यांच्या सरकारी वकिलांनी आवर घालायला लावला होता. पोटॅशियमचं कडक पथ्य पाळणाऱ्या किडनीच्या एका रुग्णाचं पोटॅशियम तरीही का वाढतंय हे कळेना, आणि शेवटी नोनीची बाटली सापडली, अशी केस २००० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. दवाखान्यात मी 'काही आयुर्वेदिक, काही घरगुती घेता का' असं विचारतो तेव्हा बाटलीचं नाव कोणी घेत नाही, कारण ते 'औषध नाही, ज्यूस आहे'. पुढच्या वेळी येताना बाटलीच घेऊन या. मी रागावत नाही.

दुकानातल्या खोक्यांबद्दल थोडक्यात. '१०० टक्के फळांचा रस' असं लिहू नका, असा आदेश आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला, कारण घट्ट केलेल्या रसात पाणी घालून तो पुन्हा तयार केलेला असतो. 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेलं असेल तर त्यात फळ १० टक्के असलं तरी कायद्याला चालतं. खोक्याची मागची बाजू वाचा. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच ज्यूस देऊ नका, पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय पाणीही नको. मोठ्या मुलांना दाणे द्या. अगदी लहानांना चुरडून, नाहीतर ठसका लागतो.

ज्याला शुगर नाही, किडनी ठीक आहे, वजन आटोक्यात आहे, त्याने पाहुण्यांबरोबर किंवा उन्हातून आल्यावर छोटा ग्लास ज्यूस प्यायला तर माझं काही म्हणणं नाही. चवीसाठी प्या, ताजा काढून लगेच प्या. बाजारात न जाणारी तडकलेली फळं घरी ज्यूसला जातात, हे मला माहीत आहे. चिरेतून बुरशी आत गेलेली असते, तेव्हा काळे, मऊ पडलेले दाणे दिसले तर ते फळ टाकून द्या, तेवढा भाग काढून बाकीचं वापरू नका.

आणि एका प्रसंगी मी स्वतःच ज्यूस द्या म्हणून सांगतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर शुगर ७० च्या खाली गेलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा ज्यूसचा सगळा वेग उपयोगी पडतो. अर्धा ग्लास, साधारण १२० मिली, गाळलेला ज्यूस लगेच पाजा. त्यात १५ ग्रॅम साखर जाते. घरात ग्लुकोज पावडर असेल तर तीन चमचे पाण्यात घालून द्या, आणि व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर ग्लुकोजच द्या, कारण ती गोळी साध्या साखरेचं पचन लांबवते. १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि वर आली की भाकरी, पोळी असं काहीतरी खायला घाला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात ज्यूस, पाणी, साखर काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.